मागचं फाटक आणि आपली सुरक्षितता

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात झालेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला 'गुन्हेगारी आणि आपली सुरक्षितता' हा विषय दिला आणि वीस मिनिटांची वेळ दिली. १९८६ साली शिपाई म्हणून भरती झालो, २०२० ला सहायक फौजदार म्हणून घरी आलो. चौतीस वर्षांचं वीस मिनिटांत काय सांगणार? त्यात मागं भाजीला फोडणी बसलीय, तिचा वास मलाही येतोय. आवाज जरा ठाण्यातला आहे, रागावलो असं कुणी समजू नका.

लोक मला नेहमी विचारतात, "साहेब, आपल्या भागात गुन्हे वाढले का कमी झाले?" आता हे कळणार कशावरून? वहीवरून. आणि ठाण्यात वह्या असतात दोन प्रकारच्या. दखलपात्र गुन्हा असला की एफआयआर, नाहीतर एनसी, म्हणजे अदखलपात्र. एनसी झाली की कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलिसाला तपास करता येत नाही. कागद मिळतो, तपास होत नाही. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. तिच्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरलीय. पुण्यामुंबईत पाच हजार म्हणजे काही नसेल. आपल्याकडं कोरडवाहू शेतकऱ्याच्या स्प्रिंकलरचे नोझल गेले, विहिरीवरची केबल कापून नेली, की त्याचा हंगाम जातो. किंमत मात्र भरते चार हजार. वहीत तो गुन्हा आला का? आला म्हणा, नाही म्हणा.

उलटंही होतं. एखादा अधिकारी सगळ्या तक्रारी लिहून घ्यायला लागला की त्याच्या ठाण्याचा आकडा फुगतो आणि लोक म्हणतात, हा आल्यापासून चोऱ्या वाढल्या! म्हणून आकडा बघताना तो लिहिला कुणी, हेही बघावं.

आपल्या सोसायटीतलाच एक मुलगा इंग्लंडला नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्यानं मला मोबाइलवर तिथल्या पोलिसांचा नकाशा दाखवला. कुठल्याही खेड्याचं नाव टाका, कुठल्या महिन्यात कुठल्या रस्त्याजवळ काय गुन्हा झाला याचे ठिपके येतात. नेमकं घर दाखवत नाहीत, ते बरं करतात. त्याच्या गावाच्या महिन्याला दोन ठिपके. मी म्हटलं, बाबा, एवढंच? तो म्हणाला, काका, एवढ्यावरही गावात बैठक होते. तिकडं शेजाऱ्यांनी मिळून पहारा ठेवायची जी पद्धत आहे, तीही १९८२ साली मोलिंग्टन नावाच्या लहानशा खेड्यातच सुरू झाली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडं ग्रामसुरक्षा दल होतीच. चोरांची हूल उठली की पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घालायची. आठ दिवस उत्साह, नवव्या दिवशी पत्ते. तेही मी बघितलंय.

आपल्या जिल्ह्यातल्या गावात खरा गुन्हा कुठून येतो, ते सांगतो. चोर बाहेरून येतो हे अर्धं खरं. तुळजापूरला नवरात्रात, पुनवेला गर्दीत गळ्यातलं जातं, ते बाहेरचं. महामार्गावर ट्रकची ताडपत्री फाडून माल काढतात, पवनचक्क्यांची तांब्याची वायर जाते, त्यातलं पुष्कळसं बाहेरचं. पण डोकी फुटतात ती बांधावरून, पाण्यावरून, वाटेवरून. सोयाबीन काढून बनीम लावली आणि रात्रीत पेटली, तर शेतकऱ्याला पेटवणारा माहीत असतो. भावकीतलाच असतो. फिर्याद 'अज्ञात इसमा'विरुद्ध देतो. दुसऱ्या दिवशी त्याच अज्ञात इसमाच्या घरी लग्नाला जावं लागतं ना!

या भावकीच्या भांडणांसाठीच १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांनी तंटामुक्ती मोहीम काढली. चांगली होती. वर्षानुवर्षं कोर्टात लोंबकळलेले बांधाचे दावे पारावर मिटलेले मी डोळ्यांनी पाहिले. पण बक्षिसाची पाटी लागायची म्हणून बायकोला मारणाऱ्याचीही तक्रार "गावात मिटवू" म्हणून परत फिरवलेली पाहिली. तेव्हा मी गप्प बसलो होतो, हेही इथं सांगून टाकतो.

आता जुनं थोडं. माझ्या वडिलांच्या लहानपणी आमचा मुलूख निजामाकडं. गावाला पाटील दोन, वसुलीला माली पाटील आणि बंदोबस्ताला पोलीस पाटील. गावाला वेस, वेशीला दरवाजा, आणि रात्री तो लावायचा, सकाळी उघडायचा येसकरानं. येसकर महारवाड्यातला. म्हणजे गाव सांभाळणारा माणूस दरवाजा लावायचा आणि स्वतः दरवाज्याबाहेर झोपायचा. वडील हे सांगायचे तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. फार पुढं वाटलं.

१९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटलाची वंशपरंपरा गेली, नेमणूक आली. मानधन थोडं, पण त्याच्याकडं एक गोष्ट असते जी ठाण्यात नसते. गावात रात्री अकराला नवीन माणूस दिसला तर तो कुणाचा पाहुणा, हे त्याला ठाऊक असतं. शहरात पोलीस पाटील नाही. शेजारच्या बंगल्यात भाड्यानं कोण राहतं हे मला विचाराल तर गेल्या वर्षापर्यंत मलाही सांगता आलं नसतं.

३० सप्टेंबर १९९३. इथं बसलेल्यांपैकी चार घरं तरी त्या भागातली आहेत. पहाटेच्या भूकंपानंतर मी सास्तूरच्या बाजूला बंदोबस्ताला होतो. त्या दिवसांबद्दल बोलत नाही, बोलवत नाही. त्यानंतरचं सांगतो. पुनर्वसनाची नवी गावं झाली. रुंद रस्ते, आखीव प्लॉट, घराभोवती मोकळी जागा. घरं पक्की, कुणी नाव ठेवू नये अशी. आणि तिथं गस्तीला गेलं की म्हातारी माणसं म्हणायची, "साहेब, रात्री भ्या वाटतंय." मी विचारायचो, चोरी झाली का? नाही. मग? एका आजीनं सांगितलं, "जुन्या गावात भिंतीला भिंत व्हती. शेजारणीचा खोकला ऐकू यायचा. आता मी मेले तरी कुणाला कळायचं न्हाई." ठाण्याच्या हिशोबानं ते गाव सुरक्षित, आणि ती बाई रात्रभर जागी.

आता आपल्या सोसायटीकडं येतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथं कुसळं होती. पहिली सात घरं झाली तेव्हा रात्री लाइट गेली की सातही घरचे रस्त्यावर खुर्च्या टाकून बसायचे. भिंत नव्हती. मागं पारधी वस्ती तेव्हाही होती. आपण नंतर आलो.

२००८ साली उन्हाळ्यात आपल्याकडं घरफोडी झाली. घरचे लग्नाला गेले होते. अडीच तोळ्यांचं गंठण आणि लेकीच्या लग्नासाठी जमवलेली रोकड गेली. कुणाचं घर ते जुन्यांना माहीत आहे, त्यांना विचारूनच बोलतोय. मी तेव्हा हवालदार, दुसऱ्या ठाण्याला नेमणूक, सुट्टीवर आलो होतो. चार लोक जमले. म्हणाले, "हवालदारसाहेब, तुम्हाला काय वाटतं?" मी पंचनामा बघितला नव्हता, कडीकोयंडा बघितला नव्हता. मी म्हणालो, "मागं वस्ती आहे. तिथून सुरुवात करा."

एवढं एकच वाक्य. वस्तीतला एक मुलगा आपल्याकडं गवत काढायला यायचा. नववीत होता. त्याला नेलं. दोन रात्री ठेवला. स्टेशन डायरीला नोंद नाही. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं असतं, हा कायदा मला पाठ होता. तिसऱ्या दिवशी सोडला. चालता येत नव्हतं.

चार महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात टोळी सापडली, तिनं आपली घरफोडी कबूल केली. दोन जण पाण्याचे फिल्टर विकायला आले होते. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. आपण त्यांना चहा पाजला होता. गंठण वितळलेलं मिळालं. इथं पेढे वाटले. वस्तीवर सांगायला कोण गेलं? कुणी नाही. मीही नाही. तो मुलगा शाळेत परत गेला नाही. पुण्याला बिगारी कामावर गेला म्हणतात.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि कित्येक जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्यांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. म्हणून ते 'विमुक्त'. कागदावर जाऊन छप्पन्न वर्षं झाली होती, तेव्हा मी ते वाक्य बोललो. गुन्हा कुणी कुठं केला हे न बघता राहतो कुठं एवढंच बघितलं. वस्तीतल्या कुणीच कधी काही केलं नसेल असं मी म्हणत नाही. आपल्या भिंतीच्या आतल्या लोकांवरही दोन गुन्हे दाखल आहेत, नावं घेत नाही, जेवणं व्हायचीत.

दुसरी गोष्ट २०१९ ची, हिवाळ्यातली. रात्री दोनच्या सुमाराला मागच्या फाटकातून एक बाई आली आणि माझं दार वाजवलं. वस्तीतली. म्हणाली, "भाऊ, तुमच्या भिंतीला चौघं बसल्यात, गाडी लांब लावलीय, बोलत न्हाईत." आम्ही सहा-सात जण बॅटऱ्या घेऊन निघालो. गाडी निघून गेली. ते चोर होते का? दारू प्यायला बसले असतील. मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. ही घटना कुठल्याच वहीत नाही, नकाशावर तिचा ठिपका नाही. त्या बाईला आम्ही नाव विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कळलं, ती त्या मुलाची चुलती.

आता संचालक मंडळाचा ठराव. भिंत दोन फूट वाढवायची, वर काटेरी तार, आठ कॅमेरे, आणि मागचं फाटक कायमचं बंद. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. कॅमेरा चोरी थांबवत नाही, पण नंतर चोर दाखवतो, तपासाला मोठा उपयोग होतो. फक्त त्याची तोंडं बघा. सध्या जे दोन आहेत त्यातला एक तीन वर्षं लिंबाच्या फांदीवर नजर ठेवून आहे. भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्या, टाळाटाळ करू नका. ११२ ला फोन केलात तर तो नवी मुंबईत उचलतात, म्हणून आधी जिल्हा, तालुका, मग जवळची खूण सांगा. "दत्त मंदिराजवळ" म्हटलं तर त्यांनी कुठल्या दत्ताला जायचं? आणि मोबाइलवर पैसे गेले तर रडत बसू नका, लगेच १९३० लावा. गेल्या वर्षी आपल्या तीन घरांतून जे गेलं ते भिंतीवरून गेलेलं नाही, ओटीपी सांगून गेलंय.

पण फाटक बंद करू नका. त्या वस्तीतली सोळा-सतरा मुलं सकाळी आपल्या गल्लीतून जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. फाटक बंद झालं की त्यांना महामार्गाच्या कडेनं जावं लागेल. तिथं उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर कसे येतात ते तुम्ही रोज बघता. शिवाय धुणीभांड्याला येणाऱ्या बायका त्याच वाटेनं येतात, तुमचं दुपारचं काम अडेल, तो मुद्दा वेगळा. फाटक उघडं असल्याची भीती वाटत असेल तर ती मला समजते. माझी बायकोही म्हणते. त्याला उपाय फाटकाला कुलूप नाही, फाटकाजवळ माणूस.

सोमवारपासून संध्याकाळी सात ते नऊ मी मागच्या फाटकाजवळ खुर्ची टाकून बसणार आहे. गुडघे साथ देतील तोवर. शेजारी एक खुर्ची रिकामी असेल. ज्यांना आठवड्यातला एखादा वार जमेल त्यांनी जेवण झाल्यावर मला नाव सांगा, वही मी सोबत आणलीय. पहिल्या पानावर एक नाव आहे. ते माझ्या बायकोचं नाही, वस्तीतल्या त्या बाईचं आहे. तिनं गुरुवार घेतलाय.