भोंगा नसलेली पाळी



कारखान्याच्या फाटकावर बोलणाऱ्या माणसाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांविषयी काय बोलावे, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. पण विषय श्रमाचा आणि विश्रांतीचा आहे, व त्या प्रांतात आम्ही उभी हयात घालविली आहे. शिवाय आपल्या गावची कितीतरी मुलेमुली आज पुण्या-मुंबईस अथवा परदेशी संशोधन करीत आहेत. आणि आपण घरी बसून म्हणतो, ‘खुर्चीवर बसून वाचायचे, त्यात ताण कसला?’

गिरणीकामगाराचे काम हाडे झिजविणारे होते. परंतु पाळी संपली की भोंगा वाजे. पुढचे काही तास तरी तो माणूस स्वतःचा असे. संशोधकाच्या पाळीला भोंगाच नाही. प्रयोग फसला, की पुन्हा मांडायचा. प्रकरण लिहून झाले, की मार्गदर्शकांकडून ते खुणा होऊन परत यायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे हे किमान तीन वर्षे व एरवी सहा वर्षांपर्यंत चालू शकते. जेवताना आणि निजताना प्रबंध उशाशी असतो. एक दिवस मोकळा घालविला, तर चोरी केल्यासारखे वाटते. मग आधी चहाचा कट्टा सुटतो, नंतर मित्राचे लग्न चुकते, आणि शेवटी घरचा फोनही नकोसा होतो.

२०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात २६ देशांतील २,२७९ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेक पीएच.डी. करणारे होते. ३९ टक्के जणांच्या उत्तरांत मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. ही उत्तरे स्वखुशीने पाठविलेली होती, म्हणून तो आकडा सरसकट सर्वांना लावता येणार नाही. पण जे खचले होते, त्यांतील निम्म्याहून अधिकांना काम आणि आयुष्य यांचा मेळ बसतो असे म्हणता आले नाही, ही गोष्ट आम्हांस आकड्याहून महत्त्वाची वाटते.

रविवारची सुटी काही आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र करून ती मागितली, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरविला. संशोधकाची अधिछात्रवृत्ती म्हणजे पगार नव्हे; त्याच्या तासांना असा कायदा नाही. म्हणून त्याला स्वतःच आपला भोंगा वाजवावा लागतो.

कोणी म्हणेल, बुद्धीचे काम घड्याळावर होत नाही. कबूल. एखादा प्रयोग रात्रभर जागवील. जादा पाळी कारखान्यातही असते. पण तिला जादा म्हणतात. रोजची पाळी म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट सोबतीची. गिरणगावात एकेका खोलीत एकाच गावची माणसे दाटीने राहत, एकाच खानावळीत जेवत, आणि सुटीला भजनाला बसत. दाटी होती, हाल होते. पण एखादा दोन दिवस जेवला नाही, तर तिसऱ्याला ते कळे. वसतिगृहातील स्वतंत्र खोलीत हे कोणाला कळणार?

तेव्हा संशोधक मुलामुलींना आमचे सांगणे साधे आहे. आठवड्याचा एक दिवस ठरवून मोकळा ठेवा, आणि कामाचे तास व रजा मार्गदर्शकांशी आरंभीच बोलून घ्या. दिवसातले एक जेवण चारचौघांत करा. त्या चौघांत निदान एक तरी आपल्या विषयाबाहेरचा असू द्या. टेकडी चढणारा असो वा तबला वाजविणारा असो. आणि त्रास एकट्याने गिळू नका. एकाने केलेली तक्रार कुरकूर ठरते. दहांनी केली, की तिला मागणी म्हणतात.

झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र गप्पांवर भागवू नये. डॉक्टरांकडे जावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. पाय मोडला तर आपण हाडवैद्य गाठतो. यातही लाज नाही.

शेवटी श्रोत्यांना एक विनंती. सुटीत मुलगा घरी आला, की ‘कधी संपणार?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी तरी विचारू नका. पोळी वाढा, शेजाऱ्यांकडे पाठवा, जत्रेला न्या. तो चार दिवस वहीला शिवला नाही, तर त्याला आळशी म्हणू नका. कामगाराला विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून हक्क आहे, हे समजावयास या देशाला पुष्कळ वर्षे लागली. आपल्या लेकरांच्या बाबतीत तितका उशीर व्हायचे कारण नाही.