राजा जगतो, पोरगं मरतं



‘ब्लॅक पँथर’ हा सिनेमा आणि त्यावरची टीका, असा विषय मला दिलाय. मी मॅट्रिक झालेला गोदीतला माणूस. समीक्षकांची भाषा मला येत नाही, आणि ती शिकायची घाईही नाही.

आधी नावाचा हिशेब करू. जुलै १९६६ च्या मार्व्हल कंपनीच्या चित्रकथेत हा काळा राजा पहिल्यांदा आला. लिहिणारा स्टॅन ली, चित्रं काढणारा जॅक कर्बी, दोघेही गोरे. त्याच साली ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सीलने ब्लॅक पँथर पार्टी काढली. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी त्या पार्टीवरनं नाव घेतलं. आणि त्याच १९७२ मध्ये कंपनीनं काय केलं? एका अंकात राजाचं नावच ‘ब्लॅक लेपर्ड’ करून टाकलं. पार्टीशी नातं नको म्हणून. आपण नाव छातीवर लावत होतो, मालक पुसत होता. २०१८ साली त्याच नावावर कंपनीनं शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. तेव्हा मात्र पुसलं नाही साल्यांनी.

समीक्षकांची एक फळी खूश झाली. दिग्दर्शक रायन कूगलर ओकलंडचाच, नटनट्या बहुतेक काळ्या, कपडेपटासाठी रुथ कार्टरला ऑस्कर. त्या विभागात काळ्या बाईला पहिलाच. ही खुशी मी खोटी म्हणणार नाही. ज्यानं पडद्यावर आपला माणूस कायम मार खातानाच पाहिला, त्याला मुकुट बघून भरून येणारच.

दुसरी फळी रागावली. ख्रिस्तोफर लेब्रन या काळ्या तत्त्वज्ञानं ‘बोस्टन रिव्ह्यू’त लिहिलं, की अमेरिकेतल्या काळ्या पोरालाच इथं खलनायक केलंय. गोष्ट अशी: वाकांडाचा राजपुत्र ओकलंडात राहून दबलेल्या काळ्यांना हत्यारं द्यायला निघतो. १९९२ साली सख्खा भाऊ, म्हणजे राजा, त्याला मारतो आणि त्याचं पोर तिथंच टाकून जातो. तेच पुढं किलमाँगर होतं. भर दरबारात विचारतं, आपली माणसं जगभर मरत होती तेव्हा वाकांडा कुठं होता?

दरबाराकडे उत्तर नाही. मग लिहिणारे काय करतात? पोराच्या हातनं खून करवतात. स्वतःच्या मैत्रिणीला गोळी घालायला लावतात, म्हाताऱ्या पुजारणीचा गळा धरायला लावतात. प्रश्न खरा, विचारणारा खुनी. पांढरपेशा प्रेक्षक सुटला! हत्यारं घेऊन निघालेली विमानं कोण पाडतं? सीआयएचा गोरा माणूस, आणि तो सज्जन! ज्या देशाच्या पोलिसांनी १९६९ साली शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला बिछान्यात मारला, त्या देशाच्या सरकारी हेराला आपण टाळ्या द्यायच्या.

तरी लेब्रनशी माझं पुरतं जमत नाही. राजा मेलेल्या बापासमोर उभा राहून सांगतो, तुम्ही सगळे चुकलात. म्हणजे पोरगं मरतं, पण त्याचं म्हणणं राजाच्या तोंडी येतं. माझं भांडण त्याच्या पुढच्या भागाशी आहे. राजा ओकलंडात इमारती विकत घेतो, मदतीचं केंद्र काढणार म्हणतो. फीत कापायची तेवढी राहिली! ओकलंड हे बंदर आहे. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत १९८४ साली गोदी कामगारांनी दक्षिण आफ्रिकेचा माल ११ दिवस जहाजातनं उतरवला नाही. त्यांना कुणा राजानं सांगितलं नव्हतं. अशी एकजुटीनं उभी राहिलेली माणसं या सिनेमात नाहीत. पोरं आहेत, ती वरून आलेल्या विमानाकडे बघत उभी आहेत.

एक मात्र कबूल. मरताना राजा जखम बरी करू म्हणतो, पोरगं नको म्हणतं. कोंडून जगण्यापेक्षा, गुलामांच्या जहाजातनं ज्या पूर्वजांनी उड्या टाकल्या त्यांच्यासोबत मला समुद्रात टाका म्हणतं. एवढ्यावर माझे तिकिटाचे पैसे वसूल झाले.

राजा झालेला चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला. २०२२ च्या दुसऱ्या भागात राजाची बहीण पूर्वजांना भेटायला जाते, तर समोर कोण? मारून टाकलेलं तेच पोरगं. कंपनीलाच त्याला परत बोलवावं लागलं.