डोक्यास लागलेला मुका मार आणि मेंदूचा आलेख
(मानकोली येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मानकोली नाक्याच्या आसपास एके काळी भातशेती होती. आज तेथे गोदामे उभी आहेत. आपले तरुण तेथे माल चढवितात-उतरवितात, महामार्गावरून मोटारसायकलीने ये-जा करतात आणि सायंकाळी कबड्डीच्या मैदानात उतरतात. या तिन्ही ठिकाणी डोक्यास मार लागण्याचा संभव असतो. रक्त आले तर आपण धावाधाव करतो. न आले तर 'काही झाले नाही' म्हणून मोकळे होतो. या मुक्या माराविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

क्रिकेटपटू रमण लांबा यांना फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याच्या एका सामन्यात, फलंदाजाजवळ शिरस्त्राणाविना उभे असता, डोक्यावर चेंडू लागला. ते आपल्या पायांनी मैदानाबाहेर गेले; परंतु आत रक्तस्राव होत होता. तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

असा रक्तस्राव सीटी स्कॅनमध्ये दिसतो. तथापि ज्यास डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात, त्या धक्क्यात स्कॅन बहुधा निर्दोष येतो. कारण स्कॅन मेंदूची रचना दाखवितो. बिघाड मात्र त्याच्या कार्यात झालेला असतो. घराच्या भिंती शाबूत असाव्यात आणि आतील दिवे मंदावावेत, तसाच हा प्रकार होय.

हे कार्य विजेच्या सूक्ष्म लहरींवरून जोखता येते. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या लहरींचा पहिला आलेख घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. तोच आजचा ईईजी. या लहरींचा दाब व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. धक्क्यानंतर कित्येकदा मंद लहरी वाढतात. एकसारख्या आवाजांत मध्येच निराळा आवाज ऐकविला, तर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उमटते. मार लागलेल्या काही रुग्णांत ती क्षीण होते वा उशिरा येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली अशा लहरी वाचून डोक्याच्या दुखापतीची तपासणी करण्यास साहाय्य करणाऱ्या एका सुटसुटीत यंत्रास मान्यता दिली.

परंतु यंत्रावरच विसंबू नये. झोप, औषधे, मद्य यांनीही लहरी बदलतात. शिवाय मार लागण्यापूर्वीचा आलेख तुलनेस क्वचितच मिळतो. यास्तव एकट्या आलेखावरून निदान होत नाही. पहिली पारख घरच्यांच्याच डोळ्यांनी व्हावयाची असते.

वारंवार वांती, वाढती डोकेदुखी, न उतरणारी झापड, असंबद्ध वा अडखळते बोलणे, हातापायांतील अशक्तता, झटका, यांपैकी एकही लक्षण दिसताच रोग्यास रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहू नये. लक्षणे नसली, तरी एक-दोन दिवस विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कामास लागू द्यावे. पहिला धक्का भरून येण्यापूर्वी बसलेला दुसरा धक्का अधिक घातक ठरतो.

रोज बुडेल या भयाने कमावता मुलगा दुखणे लपवितो, हे आपण सारे जाणतो. त्यास दोष देऊन भागणार नाही. त्या दोन दिवसांच्या रोजाचा भार भावकीने उचलावा. क्रिकेटमध्ये अशा खेळाडूऐवजी बदली खेळाडू देण्याचा नियम २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत आहे. आपल्या कबड्डी सामन्यांतही डोक्यास मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरविला जाऊ नये, असा ठराव मंडळाने करावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.