सभामंडपाचा मजला : खर्च कोठे वाचतो, कोठे वाचवू नये



मंदिराच्या कामात जमलेला पैसा घामाचा असतो. कुणी पोतेभर ज्वारी विकून देतो, कुणी मजुरीतून. म्हणून सभामंडपावर मजला घालताना "स्लॅब टाकली की झाले" असे म्हणून भागत नाही.

जुन्या काळी मराठवाड्यात लाकडी तुळयांवर मातीचे माळवद असे. ते स्वस्त आणि गार. पण एक फूट जाडीच्या मातीचे ओझे दर चौरस फुटास सुमारे ४५ किलो होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि ही जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. ओझे वाढले की धोकाही वाढतो, हा त्यातला धडा.

आता सिमेंट काँक्रीटचा हिशोब पाहावा. उदाहरणादाखल मंडप २० फूट रुंद व ३० फूट लांब धरू. दोन लांब भिंतींवरच सपाट स्लॅब टेकवली, तर ढोबळ नियमाने तिची जाडी सुमारे १ फूट येते. म्हणजे ६०० घनफूट काँक्रीट, वजन सुमारे ४२ टन. तेच दर १० फुटांवर एक, असे दोन बीम आडवे टाकले, तर ५ इंची स्लॅब पुरते. स्लॅबचे २५० आणि बीमचे ४५, मिळून २९५ घनफूट. वजन २१ टनांच्या आत. बीमच्या सेंटरिंगला थोडा जादा खर्च येतो, तरी काँक्रीट निम्म्याहून कमी लागते. मात्र बीमच्या टोकांखाली भक्कम खांब हवेत.

दुसरी युक्ती मंगलोरी कौलांची. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण घेत नाही. तो सळ्या घेतात. म्हणून सळ्यांच्या मधल्या चौकटींत भिजवलेली कौले बसवून तेवढे काँक्रीट वाचवतात. केरळात राहून काम केलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी ही पद्धत देशभर परिचित केली. दोन कौलांमधल्या पोकळीमुळे खालची खोलीही गार राहते.

तिसरी पद्धत जमिनीवर ओतून घेतलेल्या फळ्या व छोट्या तुळयांची. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती विकसित केली. हिच्यात सेंटरिंग फारच थोडे लागते. भक्तनिवासासारख्या एकाच मापाच्या अनेक खोल्या असतील तेथे ती परवडते. एकट्या मंडपासाठी साचे करणे महाग पडते.

सारांश, आधी दोन आधारांमधले अंतर कमी करावे, मग वजन, आणि त्यानंतर भावाची घासाघीस. अंतिम मापे व सळ्या मात्र इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणेच असाव्यात.

काटकसर कोठे करू नये, तेही ध्यानात असावे. काँक्रीट पसरावे म्हणून त्यात जादा पाणी ओतू नये. स्लॅबवर किमान १० दिवस पाणी राखावे. २० फुटी बीमखालचे टेकू किमान २१ दिवस हलवू नयेत. जत्रा जवळ आली म्हणून घाई करू नये. जत्रा पुढच्या वर्षीही येते. त्या मजल्याखाली गावची लेकरेबाळे बसणार आहेत.