नसबंदीचा हिशोब

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत मला बोलावलं तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की बँकेतला निवृत्त माणूस आहे, म्हणजे नॉमिनेशन, मृत्युपत्र आणि ठेवींचे व्याजदर यावर बोलेल. त्या विषयावर मी लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याशी बोलतोच. आजचा विषय पाळीव प्राण्यांची नसबंदी. सूचनाफलकावर तो वाचून दोघांनी मला फोन केला, "काका, छपाईची चूक आहे का?" चूक नाही. गेल्या वार्षिक सभेत टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला आपण दहा मिनिटं दिली आणि मांजरांना पाऊण तास. तोही मांजरं हाकलायची की त्यांना खायला घालायचं, एवढ्यावरच. दोन घरं त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत. माझं म्हणणं असं की हाकलून मांजरं कमी होत नाहीत, आणि नुसतं खायला घालून त्यांचं भलंही होत नाही. हे मी हिशोबाने मांडतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो, की एका मांजरीपासून सात वर्षांत लाखो मांजरं होतात. मला तो आकडा पटत नाही. तसं असतं तर डोंबिवलीत माणसाला उभं राहायला जागा उरली नसती. तशी ती नाहीच म्हणा, पण त्याला मांजरं जबाबदार नाहीत. आपण सावध आकडे घेऊ. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भ साधारण नऊ आठवड्यांचा. अंगावर पिणारी पिल्लं असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. तरी आपण वर्षाला दोनच वेतं धरू, आणि वेताला चार पिल्लं. म्हणजे आठ. त्यातली निम्मी मरतात असं धरू. उघड्यावर जन्मलेल्या पिल्लांत पुष्कळदा निम्म्याहून जास्त जातात, पण असू दे. चार जगली, त्यात दोन माद्या. पहिल्या वर्षाअखेर आईसकट तीन माद्या झाल्या. दुसऱ्या वर्षी त्या तिघींची २४ पिल्लं, १२ जगली, सहा माद्या, एकूण नऊ. तिसऱ्या वर्षी नऊ जणींची ७२ पिल्लं, ३६ जगली, १८ माद्या, एकूण २७. एक, तीन, नऊ, सत्तावीस. चक्रवाढ व्याज म्हणतात ते हेच. पहिल्याच वर्षी एक ऑपरेशन केलं असतं तर संपलं असतं. तिसऱ्या वर्षाअखेर ती सत्तावीस करावी लागतात, बोके वेगळेच.

पण हिशोबाला दुसरी बाजू असते, आणि तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. या तीन वर्षांत पिल्लं जन्मली १०४ आणि मेली ५२. ती ५२ कुठे जातात? पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाखाली, जनरेटरच्या खोलीमागे, पावसाळ्यात गटारात, थंडीत इंजिनच्या उबेला बॉनेटमध्ये शिरून. (गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारत जा.) बाकीची डोळे चिकटून, जुलाब लागून, उपाशी. मांजर सात घरं पिल्लं फिरवते असं आपण लहानपणापासून ऐकतो. सातव्या घरी पोचेपर्यंत किती उरतात ते आपल्या सफाईला येणाऱ्या मावशींना विचारा. त्यांना उचलावी लागतात. "प्राण्यांवर दया म्हणून आम्ही ऑपरेशन करत नाही" असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हा बावन्नचा रकाना येतो.

कुत्र्यांचं थोडक्यात सांगतो. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी असतो. भाद्रपद आणि कुत्री यांचा संबंध आपल्या आजी-आजोबांना पशुवैद्यकाशिवाय ठाऊक होता. भाद्रपदात गाठ पडली की दोन महिन्यांनी, दिवाळीच्या पुढेमागे, पिल्लं. ऐन थंडीत ती रस्त्यावर येतात. दर वर्षी डिसेंबरात आपल्या गेटसमोर काय चित्र असतं ते तुम्ही पाहता.

आता घरातल्या प्राण्यांकडे येतो. आपल्या तीन विंगमध्ये मिळून कुत्री-मांजरं पाळणारी घरं पंचवीसच्या वर आहेत. त्यांचं म्हणणं असं असतं की आमची लूसी काही बाहेर जात नाही, मग तिला ऑपरेशन कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर तिच्या तब्येतीत आहे.

बी विंगमधल्या एका कुटुंबाची लॅब्रडोर होती. त्यांनी मला मुद्दाम सांगितलं की आमचं नाव न घेता हे सगळ्यांना सांगा. वय आठ वर्षं. घरातल्या माणसासारखी वाढवलेली, लशी वेळच्या वेळी. माजावर येऊन गेल्याला महिना-सव्वा महिना झाला आणि ती फार पाणी प्यायला लागली. एप्रिल होता, उन्हाळ्याने असेल असं वाटलं. मग खाणं सुटलं, उलट्या सुरू झाल्या, पोट थोडं फुगल्यासारखं दिसायला लागलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तर गर्भाशय पुवाने भरलेलं. याला पायोमेट्रा म्हणतात. वय वाढलेल्या, ऑपरेशन न झालेल्या माद्यांत हा आजार चांगलाच आढळतो, आणि बहुधा माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी. कधी बाहेर स्राव येतो, म्हणजे निदान कळतं तरी. कधी तोंड बंद असतं आणि सगळा पू आत साठतो, ते जास्त धोक्याचं. रात्री साडेअकराला ऑपरेशन झालं. तेच ऑपरेशन, गर्भाशय आणि बीजकोश काढण्याचं, जे सहा-सात वर्षांपूर्वी धडधाकट असताना दिवसाउजेडी करता आलं असतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यांच्या घरात अजून तिचा पट्टा दाराच्या खुंटीला आहे.

गर्भाशयच काढलं की हा आजार जवळपास उरत नाही. दुसरी गोष्ट स्तनांच्या गाठींची. कुत्रीचं ऑपरेशन पहिल्या किंवा दुसऱ्या माजाच्या आत झालं तर या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो, उशीर होईल तसा हा फायदा घटतो. मांजरींच्या स्तनातल्या गाठी बहुतेक कॅन्सरच्याच निघतात. आणि माज थांबवण्यासाठी इंजेक्शनं, गोळ्या देतात, त्या सोयीच्या वाटल्या तरी त्यातल्या हार्मोनमुळे गर्भाशयाचे आणि स्तनांचे हेच आजार ओढवू शकतात. तो मार्ग धरू नका.

नरांचंही आहे. वृषणाच्या गाठी, वयात प्रोस्टेटची वाढ. आमच्या वयाच्या पुरुषांना प्रोस्टेट समजावून सांगायला नको. पण नराचा मोठा धोका रस्त्यावर असतो. दूरवरच्या मादीचा वास आला की एरवी शहाणा कुत्रा पट्टा तोडून पळतो आणि गाडीखाली येतो. बोका खिडकीतून उडी घेतो, मग तो दुसऱ्या मजल्यावर असो की सातव्या. भांडणं, चावे, घरभर उग्र लघवीचे फवारे हेही बरेच कमी होतात. भुंकणं मात्र कमी होत नाही, ते ऐकून ए विंगमधल्या काही जणांची निराशा होईल. राखणीच्या कामातही फरक पडत नाही.

आता आक्षेप. पहिला, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. मी लहानपणी गावाकडे वाढलो. बैल म्हणजे काय हो? खच्ची केलेला गोऱ्हा. त्याशिवाय तो नांगराला जुंपता येत नाही. पोळ्याला आपण त्याच्या शिंगांना रंग लावतो, पुरणपोळी खायला घालतो, त्याच्या पाया पडतो. त्याच्यावर हे केलं म्हणून त्याची थोरवी कमी झाली असं कुठल्या शेतकऱ्याला वाटलं नाही. आपल्या भाषेत 'खच्चीकरण' शब्द बदनाम झाला तो राजकारण्यांच्या भाषणांमुळे. आणि दहाव्या मजल्यावर वातानुकूलित खोलीत हवाबंद पाकिटातलं खाणं खाणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत निसर्गाचा मुद्दा अचानक इथेच का आठवावा?

दुसरा आक्षेप भगिनीवर्गाकडून येतो, की एकदा तरी तिला आई होऊ द्यावं. भावना समजते, पण कुत्रीच्या किंवा मांजरीच्या तब्येतीला एका बाळंतपणाची गरज नसते. तिला मातृत्वाची स्वप्नं पडत नाहीत, ती आपल्याला पडतात. शिवाय सहा पिल्लं झाली तर सहा घरं कुठली? "माझा भाऊ घेणार आहे, ऑफिसमधला एक जण घेणार आहे" असं गाभण असताना सगळे म्हणतात. पिल्लं दोन महिन्यांची झाली की भावाचा फोन लागत नाही.

तिसरा आक्षेप, प्राणी लठ्ठ होतो. यात तथ्य आहे. ऑपरेशननंतर शरीराची गरज कमी होते आणि भूक वाढते. म्हणून जेवण थोडं कमी करायचं आणि फिरवणं चालू ठेवायचं. आपल्याकडची पुष्कळ कुत्री लठ्ठ आहेत ती ऑपरेशनमुळे नव्हे, ग्लुकोज बिस्किटांमुळे.

वय कुठलं योग्य? मांजरीचं पहिल्या माजाच्या आत, साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास. लहान चणीच्या कुत्र्यांचं सहा महिन्यांच्या पुढेमागे. लॅब्रडोर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत हाडांची आणि सांध्यांची वाढ पुरी होऊ द्यावी म्हणून बरेच डॉक्टर वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबायला सांगतात. हा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्या, माझ्या भाषणावरून नको. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. आधी रक्ततपासणी करून घ्यावी, उपाशी किती वेळ ठेवायचं ते विचारावं, नंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर ठेवावी. केविलवाणं दिसतं म्हणून कॉलर काढली की प्राणी टाके चाटतो आणि जखम उसवते. नराचं ऑपरेशन झालं तरी पुढचे काही आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवायचं. आणि नसबंदी झाली म्हणजे रेबीजपासून संरक्षण झालं असं नाही; ती लस वेगळी आणि ठरल्या वेळी द्यावीच लागते.

उरला प्रश्न सोसायटीतल्या बिनमालकाच्या प्राण्यांचा. सभेत सूचना आली होती की पोत्यात भरून खाडीपलीकडे सोडून यावं. हा उपाय नवा नाही. मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचं फर्मान काढलं, आणि १८३२ च्या जून महिन्यात पारशी मंडळींनी त्याविरुद्ध दंगा केला, बाजार बंद पाडले. मारणं पुढे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चालूच राहिलं. कुत्री संपली का? नाही. कचरा आणि आडोसा जिथे आहे तिथे एक गेलं की दुसरं येतं, आणि नवीन आलेलं ना लस घेतलेलं असतं ना ओळखीचं. म्हणून २००१ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. न्यायालयांत यावर वाद चालू असतात, त्यात मी शिरत नाही. पण आपण परस्पर प्राणी उचलून टाकून येणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं, हे सचिवांनी इतिवृत्तात लिहून ठेवावं.

काम निम्मं करून चालत नाही. एका टापूतले बहुसंख्य, सत्तर टक्क्यांच्या आसपास तरी, थोड्या काळात झाले पाहिजेत. नाहीतर राहिलेल्या दोन माद्या मघाचा हिशोब पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात.

आपल्याकडे तरुण मुलांनी आणि वॉचमन दादांनी मिळून मोजणी केली. वाढलेली मांजरं ११. त्यातली आठ झाली, पाच माद्या आणि तीन बोके. त्यांच्या कानाचं टोक थोडं कापलेलं आहे, ते भुलेतच करतात, कोणी मारलं म्हणून तक्रार आणू नका. आठ जणांचा मिळून खर्च आपल्या गेल्या दिवाळीच्या रोषणाईपेक्षा कमी आला. सी विंगमधल्या ज्या ताई मांजरांना खायला घालतात त्यांच्याशिवाय एकही मांजर पिंजऱ्यात शिरलं नसतं, कारण ठरल्या जागी ठरल्या वेळी ती फक्त त्यांच्याच हाकेला येतात. आणि वर्गणीत सर्वांत मोठी रक्कम दिली ती सभेत सर्वांत मोठ्याने ओरडलेल्या गृहस्थांनी. दोन्ही घरं अजून बोलत नाहीत, पण माझ्या वहीत दोघांची नावं एकाखाली एक आहेत.

तीन राहिली आहेत. त्यात जनरेटरजवळची ती तिरंगी आहे. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे ती आधी हवी. दोनदा पिंजऱ्यातली सुकट बाहेरून पंजाने ओढून खाऊन गेली आहे. पिंजरा पुन्हा येत्या रविवारी सकाळी सहाला लावणार आहोत. शनिवारी संध्याकाळनंतर कृपा करून कोणीही, अगदी मायेपोटीसुद्धा, मांजरांना काही घालू नये. भुकेली असली तरच आत जाईल. आणि सुकटीच्या वासाबद्दल तळमजल्यावरच्या शाकाहारी मंडळींची मी आगाऊ माफी मागतो, तासाभराचा प्रश्न आहे.