गाडी घ्यायला जाताय? हप्ता सांगू नका



बेंगळुरूत आयुधपूजा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, महानवमीला असते. त्या दिवशी इथल्या रस्त्यांवर फोडलेल्या कोहळ्यांचा सडा पडतो आणि शोरूमसमोर हार घातलेल्या नव्या गाड्यांची रांग लागते. आपली मराठी मंडळीही दसऱ्याचा नाहीतर पाडव्याचा मुहूर्त धरूनच गाडी आणतात. मुहूर्ताला माझी हरकत नाही. पण ‘दसऱ्यालाच दारात गाडी हवी’ असं आपण विक्रेत्याला सांगितलं, की घासाघीस तिथेच संपली. हे गिऱ्हाईक उठून जाणार नाही, हे त्याने ओळखलेलं असतं. पूजा दसऱ्याला खुशाल करा, बोलणी मात्र पितृपक्षात उरका. तेव्हा शोरूम ओस असतं आणि महिन्याचं टार्गेट डोक्यावर असतं.

आत गेल्यावर कॉफी येते, टॅबलेट उघडला जातो आणि एक अगदी साधा वाटणारा प्रश्न येतो: “सर, महिन्याला किती हप्ता जमेल?” आज मला सांगायचंय ते एवढंच, की या प्रश्नाला उत्तर देऊ नका. नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत, कर्ज आणि वॉरंटी हे चार वेगवेगळे सौदे आहेत. तुम्ही ‘पंधरा हजार’ म्हणालात की चारही सौदे त्या पंधरा हजारांत कोंबले जातात, आणि कुठे किती गेले ते तुम्हाला कधीच कळत नाही.

आकडेच पाहू. 8 लाखांचं कर्ज, 9 टक्के दर. पाच वर्षांसाठी हप्ता साधारण 16,600 रुपये. सात वर्षांसाठी तोच 12,900 च्या आत येतो. हप्ता खाली आला म्हणून आपण खूश! पण व्याज 1 लाख 96 हजारांवरून 2 लाख 81 हजारांवर गेलेलं असतं. म्हणजे 85 हजार रुपये जास्तीचे, आणि त्यावर चर्चा शून्य.

दुसरी खोच फ्लॅट दराची. ‘5 टक्के फ्लॅट’ ऐकलं की 9 टक्क्यांपुढे स्वस्त वाटतं. फ्लॅटमध्ये व्याज पाचही वर्षं पूर्ण 8 लाखांवर धरलं जातं, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. त्याचा हप्ता येतो 16,667. म्हणजे 9 टक्के घटत्या शिलकीच्या कर्जापेक्षाही महाग. कागदावर 5 आणि 9 शेजारी शेजारी लिहून दाखवणाऱ्याला हे नक्कीच ठाऊक असतं.

यावर उपाय आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ बंधनकारक केलंय. त्यात प्रोसेसिंग शुल्कासकट खरा वार्षिक दर छापलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा. त्याहून बरं म्हणजे स्वतःच्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात घेऊनच शोरूममध्ये जा. कर्ज शोरूममार्फत झालं तर शोरूमला बँकेकडून कमिशन मिळू शकतं. ‘माझा हा दर आहे, तुमचा सांगा’ म्हटलं की अनेकदा त्या कमिशनमधलेच काही हजार सवलत म्हणून बाहेर येतात. कारकर्ज बहुधा स्थिर दराचं असतं. तेव्हा मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही त्याच बैठकीत लिहून घ्या.

पुण्याहून इथे आलेल्यांना खरा धक्का बसतो तो रोड टॅक्सचा. 12 लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात 12 टक्के म्हणजे 1 लाख 44 हजार. कर्नाटकात 17 टक्के, शिवाय त्या करावर 11 टक्के उपकर. गोळाबेरीज सव्वादोन लाखांच्या वर. यावर विक्रेत्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तो पैसा सरकारजमा होतो. हुज्जत घालायची ती ‘हँडलिंग चार्ज’ नावाच्या ओळीवर, मॅट आणि मडफ्लॅपच्या ‘बेसिक किट’वर आणि विम्यावर. किटचा भाव आधी जे. सी. रोडवरच्या दुकानांत विचारून या. विमा कुठून घ्यायचा हा सर्वस्वी तुमचा अधिकार आहे. ‘इथूनच घ्यावा लागतो, सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणणाऱ्याला तेच लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा. तो देणार नाही.

आता एक्स्टेंडेड वॉरंटी. बऱ्याच कंपन्या आता मुळातच 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरची वॉरंटी देतात. मारुतीनेही जुलै 2024 पासून तेवढीच केली. एक्स्टेंडेड म्हणजे त्यापुढची वर्षं. टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मोठा टचस्क्रीन असेल आणि गाडी सहा-सात वर्षं ठेवणार असाल, तर जरूर घ्या. तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर सोडून द्या. ‘आजच घ्या, नंतर मिळणार नाही’ यावर मात्र विश्वास ठेवू नका. मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती सहसा घेता येते, थोडी महाग पडते इतकंच. आणि सिल्क बोर्ड चौकातल्या गाड्यांच्या रांगेत जो क्लच झिजतो, तो वॉरंटीत सहसा नसतोच.

पाण्याने झालेलं नुकसानही वॉरंटीत नसतं. सप्टेंबर 2022 च्या पावसात आउटर रिंग रोड आणि सर्जापूर रोडचा परिसर बुडाला, तळघरांतल्या महागड्या गाड्या पाण्यात गेल्या. तेव्हा पुष्कळांना समजलं की बुडालेल्या इंजिनाशी वॉरंटीचा काही संबंध नसतो. साध्या विम्यातही पाणी शिरून बंद पडलेल्या इंजिनाची भरपाई बहुधा नाकारली जाते. त्यासाठी विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कलम घ्यावं लागतं. बेंगळुरूत तळघरात गाडी लावणाऱ्याने आधी ते घ्यावं, वॉरंटीचा विचार नंतर. आणि गाडी पाण्यात उभी असेल तर स्टार्टर मारून बघू नये.

राहिली जुनी गाडी. मूल्यांकन करणारा माणूस रंगाची जाडी मोजायचं यंत्र दरवाजांवरून फिरवतो, बॉनेटचे बोल्ट निरखतो, चुक्‌चुक् करतो आणि आकडा सांगतो. त्या आकड्यात कंपनीचा एक्स्चेंज बोनस धरलाय का, हे लगेच विचारा. बोनस नव्या गाडीवरची सवलत असते. ती जुन्या गाडीच्या किमतीत मिसळून ‘तीन लाख देतो’ म्हटलं जातं, तेव्हा गाडीचे खरे पावणेतीनच आलेले असतात. त्याआधी बाहेर दोन ठिकाणी भाव काढलेला असावा. पुण्याची, एमएच-12 ची पाटी असेल तर भाव आणखी पाडतात. आरटीओची एनओसी, इथली फेरनोंदणी आणि इथला टॅक्स अशी सबब पुढे येते. ती अगदीच खोटी नाही. म्हणून हिशेब करा. कधी कधी गाडी पुण्याला नेऊन विकलेलीच परवडते.

विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यातून तेवढी सूट मिळते. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. जुनी पॉलिसी गाडीसोबत देऊन हा बोनस फुकट घालवणारे मी कितीतरी पाहिलेत.

शेवटची गोष्ट, आणि हिच्यात हयगय नको. गाडी विकली तरी आरसीवर नाव तुमचं असेल, तर अपघाताच्या भरपाईसाठी मालक तुम्हीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2018 चा निकाल आहे. एप्रिल 2023 पासून अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म 29-सी भरून आरटीओला ऑनलाइन कळवता येतं. त्यानंतर जबाबदारी डीलरकडे जाते. तेव्हा त्या फॉर्मची पोच हातात पडल्याशिवाय जुन्या गाडीची चावी देऊ नका. आणि महिन्याभराने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आरसीवरचं नाव बदललं का, ते स्वतः पाहा.