नीतिशास्त्राचा वर्ग आणि वर्गाबाहेरचे आपण

(तालुक्यातील शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या आरोग्यविषयक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय महाविद्यालयातील एका वर्गाचे नियम एका माहिती अधिकाऱ्याने आपणांस का सांगावेत, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. परंतु माणसांवरील संशोधनाची छाननी करणाऱ्या नीतिसमितीवर डॉक्टर, कायदेतज्ज्ञ व समाजशास्त्रज्ञ यांच्याबरोबर एक सामान्य नागरिकही असावा, असे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. एका महाविद्यालयाच्या समितीवर ही सामान्य नागरिकाची जागा माझ्याकडे आली. समितीपुढचे कागद मला उमगेनात, तेव्हा तेथील प्राध्यापिका बाईंनी सुचविले की, पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर वर्गात येऊन बसा. वर्षभर मी जमेल तसा बसलो. तेथे जे पाहिले त्याचा आपल्या गावांशी संबंध आहे, म्हणून हे बोलणे.

पूर्वी वैद्यकीय शिक्षणात नीतिशास्त्राला स्वतंत्र स्थान जवळजवळ नव्हते. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात चार पाने असत आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती पाठ होत. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती व संवाद या विषयांचा अभ्यासक्रम तयार केला आणि २०१९ च्या तुकडीपासून तो देशभर लागू झाला. परिषदेच्या जागी २०२० मध्ये आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही तो पुढे चालविला. डॉक्टर असणे म्हणजे काय, हा त्यातील पहिला घटक आहे. त्याच्या मागोमाग रुग्ण असणे म्हणजे काय, हा दुसरा. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटला, जरी मी स्वतः तो उलटा ठेवला असता.

या वर्गाला पंच्याहत्तर टक्के उपस्थिती लागते. भ्रमणध्वनी दाराशी टोपलीत ठेवायचा. दिलेले प्रकरण वाचून यायचे. न वाचता आलेल्याने बसावे, पण बोलू नये. मनोगताची वही स्वतःच्या शब्दांत लिहायची. एकदा सात वह्यांत एकच परिच्छेद सापडला, यंत्राकडून लिहून घेतलेला. बाईंनी गुण कापले नाहीत. सातही जणांना तो परिच्छेद तोंडी समजावून सांगण्यास उभे केले. पाच जणांना तो सांगता आला नाही.

शवविच्छेदनगृहाचे नियम याहून कडक आहेत. अभ्यासक्रमात देहाला ‘आपला पहिला गुरू’ म्हटले आहे. छायाचित्र काढायचे नाही, टोपणनाव ठेवायचे नाही, विनोद करायचा नाही. मुले घाबरलेली असली की विनोद करतात, हे आपणां शिक्षकांना सांगावयास नको. म्हणून तो नियम पहिल्याच दिवशी सांगतात.

सर्वांत अवघड ठरला तो नियम ऐकावयास सर्वांत सोपा होता : रुग्णाचे नाव वर्गात घ्यावयाचे नाही. एका विद्यार्थ्याने क्षयाच्या रुग्णाची हकीकत मांडली. नाव घेतले नाही. एवढेच म्हणाला की, शाळेमागच्या वस्तीवर राहणारी, दोन मुली असलेली, नवरा पुण्यास नोकरीला असलेली एक बाई. मागच्या बाकावरची त्याच तालुक्यातील मुलगी पटकन मान वर करून पाहू लागली. तिला कळले होते. बाईंनी तेथेच वर्ग थांबविला आणि त्या विद्यार्थ्याला विचारले, “नाव सोडून तुम्ही बाकी काय ठेवलंत?” उरलेला सगळा तास नाव न घेता माणूस कसा ओळखला जातो, यावरच गेला. शहरात वय आणि आजार सांगितला तरी कोणी ओळखणार नाही. आपल्या गावात विहिरीची दिशा सांगितली तरी पुरते. त्या दिवसापासून वर्गात नियम झाला की, वय, वस्ती, नातेवाईक यांपैकी चर्चेला आवश्यक तेवढेच सांगावयाचे, आणि ते आवश्यक का, हेही सांगावयाचे.

आता एक अप्रिय गोष्ट. आजारी माणसांची यादी ग्रामसभेत वाचावी, म्हणजे मदत करता येईल, असा प्रस्ताव मी एका ठिकाणी कानांनी ऐकला आहे. हेतू चांगला होता. पण क्षयाचे नाव निघताच त्या घरच्या मुलीचे लग्न मोडते, हे त्या सभेतील प्रत्येकाला ठाऊक होते. एचआयव्हीसंबंधी तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे आणि त्यात गुप्ततेचे बंधन घातले आहे.

वर्गातील आणखी एक शिस्त मला फार आवडली. ज्या बाजूचे आपण असू, तिच्या विरुद्ध बाजू आधी मांडावयाची. ती प्रामाणिकपणे मांडता आली, तरच स्वतःचे मत सांगण्याची मुभा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे प्रकरण असे चर्चेला आले. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर त्या बेचाळीस वर्षे तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना मरू द्यावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींचा त्या मागणीला विरोध होता. मात्र त्याच निकालात उपचार थांबविण्यास काही अटींवर परवानगी देता येईल, असेही न्यायालयाने म्हटले. त्या २०१५ मध्ये वारल्या, आणि २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. परिचारिकांची बाजू मांडणे ज्या मुलाच्या वाट्यास आले, तो मांडता मांडता गप्प झाला. त्याचे मत बदलले की नाही, मला माहीत नाही. गुण मतासाठी नव्हतेच, कारणांसाठी होते.

संमतीच्या तासाला मात्र मला स्वतःविषयी बोलावे लागले. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना मधुमेहामुळे पायाला जखम झाली. एका रुग्णालयात रात्री उशिरा माझ्यापुढे इंग्रजी छापील कागद आला. “इथे सही करा.” मी केली. आरोग्याची माहितीपत्रके लिहिणे हे माझ्या नोकरीतील काम. पण तो कागद मी वाचला नाही. वडील शुद्धीवर होते, पलीकडच्याच खोलीत. गुडघ्याखाली पाय काढला. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, “माझ्या पायाचं मला कुणी विचारलं का रे?” पाय काढणे बहुधा योग्यच होते. त्यानंतर ते चार वर्षे जगले आणि हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

हे मी वर्गात सांगितले. रुग्णालयाच्या चुकीवर चर्चा होईल, अशी माझी अपेक्षा होती. एका मुलीने हात वर करून विचारले, “पण सर, तुम्ही तरी त्यांना का नाही विचारलंत?” वर्गाच्या नियमानुसार विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. मी म्हणालो की, ते घाबरतील असे वाटले. आणि मग खरे होते ते सांगितले, की मीच घाबरलो होतो.

त्याच तासाला बाईंनी समीरा कोहली खटल्याचा २००८ चा निकाल समजावून दिला. त्या केवळ तपासणीसाठी भूल घेऊन झोपलेल्या असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य असताना आईची संमती चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मग मुलाची तरी कशी चालावी?

अधिकारी बंधूंसाठी एक परदेशातील हकीकत सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाची पाहणी चालली. त्यांपैकी ३९९ जणांना तो रोग होता. रोगाचे खरे नाव त्यांना सांगितले नाही. पेनिसिलिनचे औषध उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. ही पाहणी कोणा खाजगी कंपनीची नव्हती, सरकारी आरोग्य खात्याची होती. माणसे चाळीस वर्षे टिकून राहिली, याचे एक कारण म्हणजे त्यांच्या विश्वासातील स्थानिक माणसे त्यांना आणीत होती.

हे मी सहज सांगितलेले नाही. आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमानुसार वैद्यकीय विद्यार्थी आता गावांत येतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे असतात आणि तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. कार्यक्रम उत्तम आहे. पण गावात त्यांना आणतो कोण? आपण. सरपंचांनी हो म्हटले की दवंडी होते, समाजमंदिरात रांग लागते, आणि रांगेतल्या म्हातारीला रक्त कशासाठी घेतात, हे विचारण्याची सोय राहात नाही. संशोधनाबाबत परिषदेची तत्त्वे स्पष्ट आहेत : गावाच्या प्रमुखाची परवानगी घ्यावी, पण ती त्या त्या माणसाच्या संमतीच्या जागी चालणार नाही. वर्गात मुलांना हे शिकविले जाते. मग ती गावात येतात आणि आपण कौतुकाने सांगतो, “विचारायचं काय त्यात, आमचीच माणसं आहेत.” अठरा वर्षांच्या मुलाने सरपंचांपुढे काय बोलावे?

पुढील महिन्यात नवी तुकडी आपल्या तालुक्यात येत आहे. विद्यार्थी घरोघर जाऊन मराठीत विचारतील. कोणी नाही म्हटले तर नमस्कार करून पुढे जातील. त्यांना तसेच सांगितले आहे. ग्रामसेवकांनी घर दाखवून बाहेर थांबावे, आत जाऊ नये. शिक्षकांनी शाळेची खोली द्यावी, म्हणजे ज्याला घरच्यांसमोर बोलावयाचे नसेल त्याला तेथे बोलता येईल. आणि ज्या घरांनी नकार दिला, त्यांची नावे पंचायतीत कोणी विचारू नयेत. आमच्याकडे ती मिळणार नाहीत. तशी नोंद करावयाची नाही, असे महाविद्यालयाशी बोलून ठरले आहे.